नवरंगाचा तो फोटो

तो फोटो आधी हटवा.

सुमनबाई आज सकाळी गेल्या. अहेरीत त्यांना अजून घराबाहेर काढलेलं नाही, आणि इकडे फेसबुकवर नवरंग पक्ष्याचा क्लोजअप. खाली हात जोडलेले.
'बाईंमुळे मिळालेला माझा पहिला नवरंग. विनम्र अभिवादन.'

मला शिसारी आली.

कारण तो फोटो काढला त्या दिवशी मी तिथं होते.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्या आम्हाला शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर झाल्यावर गळ्यात दुर्बीण अडकवून जंगल फिरायच्या. घरट्याकडे बोट दाखवायचं नाही, हा त्यांचा नियम. हनुवटीनं दाखवायच्या. आम्ही हसायचो.

नवरंग आपल्याकडे पावसाळ्यात येतो. अंगावर इतके रंग की खोटाच वाटावा.
अहेरीपुढच्या जंगलात बाईंना त्याचं घरटं सापडलं होतं, अंड्यांसकट. ते ऐकून शहरातून काही फोटोग्राफर आले, हातभर लेन्स घेऊन. बाईंनी सगळ्यांना लांब उभं केलं.

"इथूनच पाहा. जरा दम धरा, येते तो."

दम कुठला! एकानं खिशातून स्पीकर काढला आणि नवरंगाची रेकॉर्ड केलेली शीळ लावली.

"बंद करा ते, भाऊ. त्याले वाटून राह्यलं दुसरा नर घुसला."

"दोनच मिनिटं मॅडम. लाइट मस्त आहे."

नवरंग आला. स्पीकरवर धावून गेला, छाती काढून ओरडत राहिला. मागोमाग मादीही घरटं सोडून आली. कॅमेरे सुटले नुसते.

तेवढ्यात टकाचोर घरट्यात घुसला. दुसऱ्यांची अंडी खाणारा पक्षी, दुसरं काय करणार?
बाई हात हलवत धावल्या. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि मागून आवाज आला, "मॅडम, फ्रेममधून बाजूला व्हा ना प्लीज."

आज अभिवादन करतोय तो हाच स्पीकरवाला माणूस. फोटोही त्याच वेळचा.

बाई भांडल्या नाहीत. स्पीकर उचलला, बंद केला, त्याच्या हातात दिला. परत येताना गाडीत ही मंडळी फोटो झूम करून एकमेकांना दाखवत होती.

त्यानंतर बाई जंगलात गेल्याच नाहीत. विचारलं की म्हणायच्या, गुडघे धरले.
एकदा मी चिडले. "बाई, बाजारात तर तरातरा चालता. मग जंगलात काऊन नाई येत?"

तेव्हा म्हणाल्या, "मी गेली का माह्या मागं लोक येते. मलेच माहीत नसन घरटं कुठी हाये, तर त्यांले कोण सांगन?"

पाखरांवर जीव टाकणारी बाई शेवटचे सगळे पावसाळे ओसरीत खुर्ची टाकून बसली. कोणामुळे, ते आज लिहून टाकलं.

जयभीम, बाई.
निवांत जा. आता तुमच्या मागं कोणी येणार नाही.