जाळ्याला वळसा

आमच्या गावच्या लाकूड आगारात एक कारकून होते, वय बेचाळीस. ओंडके मोजून मोजून त्यांना अशी सवय लागली होती, की देवळाच्या पायऱ्याही ते मोठ्याने मोजत. पाण्याची त्यांना भीती वाटे, आणि म्हणूनच तलाव पोहून जाण्याच्या शर्यतीत त्यांनी नाव दिले. नावे मीच लिहून घेत होतो.

एका म्हाताऱ्या धीवराने, म्हणजे कोळ्याने, त्यांच्या पाठीला वाळके भोपळे बांधून त्यांना दोन महिने पोहायला शिकवले. कारकून चष्मा सुतळीने बांधून, मान वर काढून, हात मोजत पोहत. दर आकड्याला तोंडात पाणी जाई.

"बाबू, तोंड बंद ठेवा न! मोजून काऊन राह्यले?"

"मोजलं नाई तर भेव लागते, भाऊ."

शर्यतीच्या दिवशी ते भोपळ्यांशिवाय उतरले. सोबतच्या होडीला हात लावला की बाद, असा नियम होता. तलावाच्या मध्यावर कुणाचे तरी मासे धरायचे जाळे लावलेले होते. माझ्या तयारीच्या यादीत बावीस कामे होती. जाळी काढून घ्या, असा धीवरांना निरोप देणे त्यात नव्हते. पुढचे चौघे जाळे फाडत सरळ गेले. कारकून दमले होते.

"होडी धरा, बाबू!" नावाडी ओरडला.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मोजत मोजत जाळ्याला वळसा घातला.

ते काठाला लागले तेव्हा बक्षिसे वाटून झाली होती.

"सरळ काऊन नाई आले?" मी विचारले.

"जाळं होतं न, गुरुजी. तीनशे बारा हात झाले."

त्यांच्या नावापुढे मी शेवटचा क्रमांक लिहिला. मग माझी यादी काढून तेविसावे काम लिहिले: धीवरांना निरोप.