माचावरची नऊ बसकरं

तर बुसानच्या त्या पायऱ्यांच्या गल्लीत कचेरीचे चार गडी टेकायचा लाकडी माच उचलायला आले, तेव्हा बोंगसूनआजी त्याच्यावर फतकल मारून मुळे चिरत बसली होती, काल आपण इथंच थांबलो होतो. वॉर्ड कचेरीचे नामगुंग साहेब दोन पायऱ्या खाली उभे राहून बोलत होते. वर यायचं धाडस नव्हतं, सुरी आजीच्या हातात होती.

"आजी, उठा बरं. परवा जगभरची माणसं येणारेत. शहरं सगळ्यांना सामावून घेणारी कशी करायची, त्याचं धोरण ठरवायची परिषद आपल्या बुसानमध्ये भरतेय! आपली गल्ली बघायला यायचीत. वाट दीड मीटर मोकळी लागते, नियम आहे. चाकाची खुर्ची जायला हवी."

आजीनं खाली पाहिलं, मग वर पाहिलं. दोनशे चौदा पायऱ्या.

"चाकाची खुर्ची? इथं? पंख लावून येणारेय का ती?"

शेजारची हादोंगवाली खो खो हसली. तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. हादोंग गावाहून लग्न होऊन आली म्हणून हादोंगवाली. "साहेब," ती म्हणाली, "आधी तुमच्या आईला बसवा तीत आणि ढकला. आम्ही बघतो."

माच तसा दिसायला काहीच नव्हता. गोदीत सुतारकाम करणाऱ्या योमदादांनी जहाजाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तो केला, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. पायऱ्या निम्म्या चढून दम लागला की माणूस त्याच्यावर टेकायचा. थंडीच्या तोंडाला साऱ्या गल्लीची वर्षाच्या लोणच्याची कोबी त्याच्यावरच मीठ लावून पडायची. दोन तिरड्यासुद्धा खाली जाताना तिथं विसावल्या.

आणि बसकरं, खोळ घातलेल्या बसायच्या छोट्या गाद्या. गल्लीत एकट्या राहणाऱ्या नऊ जणांची नऊ बसकरं. बसायचं असो वा नसो, सकाळी आठच्या आत ज्यानं त्यानं आपलं बसकर आपल्या जागी आणून टाकायचं. आठ वाजता बोंगसूनआजी मोजायची. एक कमी भरलं की जायचं आणि त्याचं दार ठोकायचं. गेल्या हिवाळ्यात कोळशाच्या वडीचा धूर कोंडून हादोंगवाली बेशुद्ध पडली, ती अशीच वाचली. बसकर दिसेना म्हणून दार फोडलं. ही अक्कल कुठल्या परिषदेनं शिकवली नव्हती.

आता आजी एवढी का भडकली, तर 'पाहुणे येणार' हे शब्द तिनं सतराव्या वर्षी ऐकले होते. रबरी बुटांच्या कारखान्यात ती तळवे चिकटवायची. परदेशी गिऱ्हाईक आलं की मुकादम खोकणाऱ्या पोरींना वेचून गोंदाच्या डब्यांच्या खोलीत कोंडायचा, पाहुण्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. बोंगसून त्या खोलीत चार तास होती. तेव्हापासून पाहुणे म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तरीही ती उठली. उठवलं कुणी, तर माच करणाऱ्या योमदादांनीच!

"ऊठ गं, बोंगसून. परमुलखातून माणसं येतायत, तीही आपल्यासारख्यांसाठीच काही ठरवायला. चार दिवस माच बाजूला गेला तर काय मरतोय का आपण? दारी पाहुणा आणि आपण सुऱ्या घेऊन बसायचं, शोभतं का?"

आमची माणसं चुकतात ती इथं. पाहुणा म्हटला की आमच्या कण्याचं मेण होतं. माच तर दिलाच; वर नऊ जणांनी हौसेनं आपापल्या बसकरांच्या खोळी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. पाहुण्यांना मळकं दिसायला नको ना!

माचाच्या जागी पोलादी बाक आला. मधे मधे दांडे, म्हणजे कुणी आडवं व्हायला नको. बाजूला इंग्रजी पाटी. थंडीत त्याच्यावर बसलं तर हाडं वाजायची, म्हणून कुणीच बसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले. मोजायला काही नव्हतं, कुणी मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. मोटारीनं वरच्या रस्त्यावर उतरले आणि पायऱ्या उतरत उतरत खाली गेले. चढलं कुणीच नाही. बाकापाशी फोटो झाले, नामगुंग साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या.

दुपारी आजी योमदादांची वाळलेली खोळ घेऊन त्यांच्या दारी गेली. हाक मारली. आतून टक, टक आवाज आला. दार लोटलं तर म्हातारा जमिनीवर. आदल्या दिवशी सकाळी पाय घसरून खुबा मोडला होता. घसा कोरडा पडून आवाज निघेना, म्हणून पडल्या पडल्या जेवायच्या चमच्यानं फरशी वाजवत होता.

"पाहुणे आले होते ना गं?" तो पुटपुटला. "मी वाजवत होतो. ते टाळ्या वाजवत होते."

आजी रडली नाही. हादोंगवालीला हाक मारली, गाडी बोलावली, म्हाताऱ्याला चौघांनी चादरीत घालून खाली नेलं. टेकायला जागा नव्हती, एका दमात नेलं. मग तिथूनच ती वॉर्ड कचेरीत गेली.

"माच कुठाय?"

"गोदामात आहे, आजी," नामगुंग साहेब म्हणाले. "पण तो आता परत बसायचा नाही. नव्या धोरणात तशी तरतूदच नाही. आणि उद्या परिषदेत रहिवाशांच्या वतीनं तुम्हीच बोलायचंय, तुमचं नाव दिलंय मी. हा कागद वाचायचा. आणि तो रेशमी सणाचा पोशाख घाला."

दुसऱ्या दिवशी आजी गेली ती फुलाफुलांच्या ढगळ विजारीत, काखेत योमदादांचं बसकर घेऊन. समोर हजार माणसं, सगळ्यांच्या कानांत दुभाष्याची यंत्रं. आजीनं कागद उघडला. "आमची गल्ली आता सगळ्यांची झाली आहे," एवढं वाचलं आणि कागदाची चौघडी करून विजारीत खोचली. मग बसकरांचं, बाकाचं, चमच्याचं सगळं सांगितलं, कोबी सोलावी तसं एकेक पान काढून. पहिल्या रांगेतून नामगुंग साहेब हातानं 'पुरे, पुरे' करत होते. त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

अध्यक्षीण बाई, पिकल्या केसांची, दूरदेशची, तिनं कानातलं यंत्र दाबून धरलं होतं. ती दुभाष्याकरवी हळू म्हणाली, "आजी, हे फार वाईट झालं. जाहीरनाम्यावर सह्या व्हायच्यात अजून. तुमचं एक वाक्य आम्ही त्यात घालतो. सांगा, काय लिहू?"

बोंगसूनआजीनं बसकर त्या बाईच्या पुढ्यात, जाहीरनाम्याच्या कागदावरच ठेवलं आणि म्हणाली,

"लिहू नकोस, बाई. तुझ्या कागदात मला जागा नको, आमच्या गल्लीत होती ती दे. आमचा माच गोदामात आहे, तो उद्या आठच्या आत जागेवर टाका आणि हे योमचं बसकर त्याच्यावर ठेवा, तो दवाखान्यातून यायचाय. आणि माच मोटारीनं वरून उतरवायचा नाही. जगभरची एवढी माणसं जमलीयत, खालून खांद्यावर घेऊन चढा. दोनशे चौदा पायऱ्या आहेत. मधे टेकावंसं वाटेल, तिथं आम्हीही टेकत होतो."