सगळे नर पाहिजेत

लांजीकडच्या एका तलावात मासे धरणाऱ्या काकाची सून पोटुशी होती. वरच्या धानाच्या बांध्यांतलं फवारणीचं औषध वाहून त्याच तलावात येते. तलावाचे मासे मी तपासाले नेले, तेव्हा काकानं विचारलं, "सूनबाईले हे खाऊ घालू का नको?" मी म्हटलं, "जरा थांबा, तपासून सांगते."

तिथंच फसली मी. तपासाची टेस्ट तर कॉलेजच्या लॅबात आम्ही अजून बनवूनच राह्यलो होतो. नर माशाच्या रक्तात मादीच्या अंड्यातल्या बलकाचं प्रोटीन सापडलं, की समजायचं, पाण्यातलं एखादं रसायन मादीच्या हार्मोनासारखं वागून राह्यलं आहे. पण तुलनेसाठी चांगल्या पाण्यातले नर लागतात. बालाघाटात मासोळ्यांची पिल्लं वाढवून विकणाऱ्या बीजवाल्याले मी फोनवर बजावलं, "तिलापिया मासेच पाहिजेत, आणि सगळे नर पाहिजेत. एकबी मादी नको."

मासे आले. चपळ, देखणे. आणि टेस्ट केली तर त्यांच्याबी रक्तात तेच प्रोटीन!

डोकंच फिरलं. किट बदललं, टाकीचे पाइप बदलले, बोअरचं पाणी सोडून बैहरकडच्या झऱ्याचं आणलं. लॅबमधले सर म्हणे, "मॅडम, हात नीट धुतले होते ना?" हात काय घेऊन बसले हो, कपाळ!

शेवटी बीजवाल्याच्या दारात जाऊन उभी राह्यली. तो मजेत म्हणे, "मैडम, आपने ही तो बोला था, सब नर चाहिए. छोटे थे तब हार्मोन वाला दाना खिलाया, सब नर बन गए." नर लवकर वाढतात, म्हणून मासे पाळणारे सारे असेच मागतात. हे मी वर्गात शिकवते हो! आणि स्वतः मागताना डोक्यातच आलं नाही. दाना नराच्या हार्मोनाचा, पण माशाच्या अंगात त्यातलं काही मादीच्या हार्मोनात बदलते. हार्मोन शोधायची टेस्ट, आणि तुलनेचे मासेच हार्मोन खाऊन आलेले. असा संताप आला, की त्याले शिव्या द्याव्या का स्वतःले, कळेना. साऱ्या मेहनतीवर पाणी पडलं.

त्याच आठवड्यात काका बसनं लॅबात आला.

"झालं का, मॅडम?"

"नाही हो काका. पुन्हा पहिल्यापासून करा लागते. तवर तिले मासे नकाच देऊ."

"कुठं देऊन राह्यलो? तुम्ही नेले त्या दिवसापासून तिनं मासोळी तोंडात घातली नाही. आमच्या घरी दुसरं काय असते? भात अन् चटणी खाते. आता डॉक्टरीण म्हणते, अंगात रक्तच नाही. मले एवढंच सांगा, खाऊ घालू का नको?"