होडीतली साठ फूट वायर

आमच्या माजलगाव धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी एकच आहे आणि ती माझी आहे. हे काही अभिमानाने सांगत नाही. तिने तीन महिन्यांत जो ताप दिला, तो जहाजावरच्या तीस वर्षांच्या नोकरीने दिला नव्हता.

जहाजावर मी भटारखान्यात होतो. विजेची कामं करणारी माणसं वेगळी, मी त्यांना फक्त जेवायला वाढायचो. पण गावात हे कोण ऐकतं? जहाजावरचा म्हणजे याला सगळंच येतं. मीही त्या हवेत राहिलो, हे खोटं कशाला सांगू. निवृत्त होऊन आल्यावर एका मासेमाराकडून जुनी फायबरची होडी घेतली, तळ कोरून डोलकाठी रोवली आणि शीड चढवलं. त्या डोलकाठीच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

बायकोने नेमकं तेवढंच पाहिलं. एकदा तरी तुला पाण्यावर नेईन, असा शब्द मी तिला लग्नाच्या वर्षी दिला होता. तो अजून तसाच पडून होता.

"ह्यातलं पाणी आपोआप भायेर पडताना दावा, मंग बसते," ती काठावरूनच म्हणाली. "अन लवकर करा. चैतात धरण आटलं का तुमी अन तुमची होडी बसा चिखलात."

म्हणून सोलरचं पॅनेल आणलं, बॅटरी आणली आणि पाणी उपसणारी मुठीएवढी मोटर आणली. आता फक्त वायर निवडायची राहिली होती. फक्त!

हार्डवेअरवाल्या अप्पांच्या दुकानात घराची वायर होती, विहिरीची होती, लग्नाच्या मांडवाची होती. होडीची नव्हती. मोबाइलवर एक गोरा माणूस सांगत होता की होडीला कलई केलेल्या तांब्याची वायर लागते. मी तसं विचारलं, तर अप्पा हसले.

"कलई भांड्याला करत्यात, वायरीला न्हाई. बारा व्होल्ट म्हणल्यावर ट्रॅक्टरच्या इंडिकेटरची बी चालती की."

मी तीच घेतली. बसवायला मिस्त्री आले. अर्ध्या तालुक्याच्या विहिरींतल्या मोटरी या माणसाच्या हाताखालून गेलेल्या. "साहेब, वायर थोडी ज्यादा ठेवू ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ठेवा की, मोटर आहे." हे आमच्याकडे सांगावंही लागत नाही. मोटर म्हटली की वायर कापायची नसते. साठ फुटांचं वेटोळं फळीखाली सरकवून दिलं आणि बटण दाबलं. मोटर दम्याच्या पेशंटसारखी घरघरली. पाणी काही वर येईना.

मोटर नुसती बॅटरीला टेकवली की भिंगरीसारखी फिरे. वायरीने जोडली की धापा टाकी. म्हणजे दोष वायरीतच. मग जरा जाड, दीड एमएमची वायर आणली. तेच. मग अडीचची आणली. त्या वेळी थेंब थेंब पाणी आलं. प्रत्येक वेळी मिस्त्री नव्या वायरीचं वेटोळं मन लावून फळीखाली ठेवत आणि मी शेजारी बसून मान डोलावत असे. अप्पा म्हणाले, आता सहाची घेऊन बघा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना नको ते बोललो, मिस्त्रींना त्याहून जास्त.

"कावून वरडता, साहेब? वायरच कमजोर हाय, मी काय करू?" असं म्हणून ते हत्यारं पिशवीत भरून निघून गेले.

तोवर पाणी काठापासून पंचवीस पावलं मागे सरकलं होतं. रोज होडी ढकलत पुढे न्यायची आणि रोज वाटीने उपसायची. मला या सगळ्याचा वीट आला होता. होडी विकून टाकावी, असंही एकदा मनात आलं.

त्या दिवशी बायको भाकरी घेऊन आली. मी वाटी आपटून बसलो होतो. तिने फळी उचलून खाली पाहिलं.

"अवो, ही येवढी वायर कशाला?"

"मोटरीला लागते."

"विहिरीतल्या मोटरीला लागती. पाणी खाली गेलं का मोटर खाली सोडावी लागती म्हून. ही मोटर होडीत हाय, अन होडी पाण्याबरूबर आपली आपण खाली जाती. बॅटरी तर हातभर लांब. येवढं वेटोळं फिरून करंट दमंल न्हाई तर काय?"

मी पकडीने वेटोळं कापलं, हातभर वायर ठेवली आणि जोडली. पाण्याची धार होडीबाहेर पडली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग, आणि या वेळी राग काढायला समोर कोणीच उरलं नव्हतं. मिस्त्रींना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "आदत हाय, साहेब. हात आपोआप वेटोळं घालतो."

बायको ठरल्याप्रमाणे होडीत बसली. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसली होती. शीड भरलं, काठ लांब गेला, तशी तिची बोटं जरा सैल झाली.

"तुला हे कसं कळलं?" मी विचारलं.

"तीस उन्हाळे आपल्या विहिरीत मोटर कुणी खाली सोडली? तुमी जहाजावर व्हता. दोर कमरंला बांधून मी उतरायची." ती पाण्याकडेच पाहत होती. "एकदा तरी इचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं. ती खाली उतरायची, हेसुद्धा मला आजवर माहीत नव्हतं.