दहा फोटोंचा रोल

"सोळा फोटो कशाला पायजेत? दहा बस्स होतात." असं म्हणत अण्णा आपला अवजड कॅमेरा टेबलावर असा आदळत, की समोरच्याचा चहा बशीत सांडे. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेलच, ज्याला काम सांगण्याआधी आपण मनातल्या मनात तयारी करतो.

नव्वदच्या दशकात मी बंगळूरच्या एका जाहिरात कंपनीत जाहिरातींच्या पानांच्या मांडणीचं काम करायचे. पुण्याहून नवीच आलेली. अण्णा बेळगावकडचे, कारखान्यांचे फोटो काढण्यात हयात घालवलेले. मला ते अक्का म्हणत, आणि अक्का म्हणूनच झापत.

आमचं भांडण ठरलेलं. तोच रोल लहान चौकटीच्या कॅमेऱ्यात घातला की सोळा फोटो निघत, चौरस चौकटीत बारा आणि अण्णांच्या सहा बाय सात सेंटिमीटरच्या मोठ्या चौकटीत दहाच. आमच्या साहेबांना सोळावाला आवडे. हलका, काम भराभर उरकणारा. चिकपेट बाजारातल्या साड्यांच्या जाहिरातींसाठी अण्णाही कुरकुरत तोच घेत. "साडीवाली बाई हलते, तिथं तो सरी, चालतो. मशीन कुठं पळून जातंय? त्याचा स्क्रू न् स्क्रू दिसला पायजे की!"

बोम्मसंद्रातल्या एका कारखान्याच्या माहितीपत्रकासाठी त्यांनी पत्रा कापणाऱ्या प्रेसचे असेच दहा फोटो काढले. मी लाइट टेबलावर फिल्म ठेवून भिंग लावलं आणि चरकले. ऑपरेटरच्या बोटांपुढची संरक्षक जाळी वर उचलून तारेनं बांधून टाकली होती. काम झटपट व्हावं म्हणून. तारेचे पीळसुद्धा मोजता येत होते.

"फोटोपुरती जाळी खाली घेऊ द्या आणि परत काढा," साहेब म्हणाले.

"फोटोपुरती नाही. कायमची खाली घेऊ द्या, मग काढतो."

"आपण कारखाना चालवत नाही, अण्णा."

अण्णा माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्ही बघितलंय. तुम्ही तरी बोला की!"

मी फूटपट्टीकडे बघत राहिले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या फूटपट्टीकडे बघणाऱ्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढच्या आठवड्यात दुसरा फोटोग्राफर गेला. त्यानं परत आल्यावर हसत सांगितलं, "क्लिक झालं की जाळी लगेच वर!" मी तोच फोटो पत्रकाच्या पहिल्या पानावर लावला.

तीन महिन्यांनी त्या प्रेसनं मंजुनाथ नावाच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. कारखान्याचे मालक म्हणाले, जाळी होती, त्यानंच काढली असेल. पुरावा म्हणून कामगार न्यायालयात आमचं पत्रक ठेवलं. मी लावलेलं पहिलं पान!

अण्णा माझ्या टेबलाशी आले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नव्हता. "फिल्म माझ्याकडं आहे. मी कोर्टात जाणार आहे. तुम्ही येता?"

"विचार करून सांगते."

"करा," ते म्हणाले आणि गेले.

ते एकटेच गेले. न्यायाधीशांनी स्वतः भिंगातून तार पाहिली, असं नंतर कळलं. मंजुनाथला भरपाई मिळाली. अण्णांना मात्र शहरातल्या एकाही जाहिरात कंपनीनं पुन्हा काम दिलं नाही. कारण कुणीच सांगितलं नाही. असल्या गोष्टी आपल्याकडे किती सभ्यपणे होतात!

वर्षभरानं ते बेळगावला परत निघाल्याचं ऐकून मी त्यांच्या घरी धावले. दारात टेंपो भरून उभा होता. मंजुनाथ डाव्या हातानं ताडपत्री धरून उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांनी आणि दातांनी तिची दोरी आवळत होता. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले होते. वाटेत मनाशी जुळवलेलं वाक्य मी बोलायला सुरुवात केली.

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"अक्का, स्वल्प बाजूला व्हा. गाडी मागं घ्यायचीय."

मी बाजूला झाले.