अर्ध्या ताटावरून उठणारा

नारळाचं अर्धं सोडण पायाखाली घेऊन मी पुढच्या खोलीची लाकडी जमीन घासत होते. खिडकीपासून मारियामातेच्या कोनाड्यापर्यंत चकाकी आली होती. दाराकडच्या अर्ध्या भागाला मेण नुसतंच फासलेलं होतं, लाल आणि चिकट. तेवढ्यात बाहेर पान्यांची पेटी मोटरसायकलला बांधल्याचा आवाज आला. सोडण भिंतीला टेकवलं, पाय पुसले आणि जाऊन साइडकारमध्ये बसले.

"उतर," एल्पिदियो म्हणाला.

"नाही उतरणार."

"तीन दिवसांची फेरी आहे, नानय. डोंगरातली. तुझी कंबर काय म्हणेल?"

"कंबर येतेय माझ्यासोबत. तू चालव."

एल्पिदियो माझा नवरा. मुलं झाल्यापासून तो मला नानय, म्हणजे आई म्हणतो, आणि मी त्याला तातय, म्हणजे बाबा. आमच्या आंतिके प्रांतात समुद्रकाठापासून डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत जिथं म्हणून हापसा आहे, तिथं तीस वर्षं हा पाना घेऊन जातो. मागच्या महिन्यात भर दुपारी गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि तो गाडीसकट भाताच्या खाचरात गेला. हे मला मासळीवालीकडून कळलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "चिखल मऊ होता."

डोंगरातल्या रस्त्याच्या कडेला चिखल नाही, दरी आहे.

खात्यानं त्याला कोठारात बसून करायचं काम देऊ केलं होतं. निवृत्तीला अकरा महिने उरलेत, तेवढे नळ्या नि नटबोल्ट देत काढायचे. शुक्रवारच्या आत अर्जावर सही केली नाही तर ती खुर्ची दुसऱ्याला जाणार. मनिलाहून मुलगा फोनवर मलाच रागावत होता, "तू सांगत का नाहीस त्याला?" अर्ज दोन आठवडे मिठाच्या बरणीखाली पडून होता. मंगळवारी पहाटे मिस्सेला जाण्याआधी मी तो नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात घातला आणि पुस्तक पिशवीत टाकलं. सही घेतल्याशिवाय परत येणार नाही, असं मारियामातेला सांगून आले होते. एल्पिदियोला यातलं काही सांगितलं नव्हतं.

साइडकारमध्ये मांडीवर पाइपचे दोन तुकडे, पायाशी ग्रीसचा डबा. रस्ता असा की माळेचा मणी बोटात राहीना. जपमाळेच्या प्रार्थनेतलं तिसरं रहस्य मी दोनदा म्हटलं की मुळीच नाही, ते देवालाच ठाऊक.

पहिल्या वाडीत शिरलो तर बायका ओरडल्या, "डॉक्टर आले." मला वाटलं आरोग्यखात्याची गाडी आली असेल, म्हणून मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणजे आमचाच. हापशाला कान लावून दांडा वरखाली करतो म्हणून. दुसऱ्या वाडीत तो 'वकीलसाहेब' निघाला. तिथं कधीकाळी पाण्याच्या रांगेवरून दोन घरांत डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हा यानं दांडा काढून काखेत धरला आणि भांडण मिटेपर्यंत परत लावला नाही. घरी या माणसाला दोन सुनांमधलं भांडण ऐकू येत नाही.

आणि धर्मलेकरं. मला पाच माहीत होती. वाटेत कोणी तरी येतं, याचा हात कपाळाला लावतं आणि "बाप्तिस्म्याचा बाप" म्हणून हाक मारतं. मी बुधवारी मोजणं सोडून दिलं.

"एवढ्या जणांना नाताळात काय देतोस रे?"

"पाणी देतो की."

इगबुलोच्या वाडीत दुपारी फिनानं जेवायला बसवलं. फिना म्हणजे तिथल्या हापशाशेजारचं घर, तिच्याच अंगणातून सगळी वाडी पाणी नेते. तिनं अंड्यात परतलेलं कारलं वाढलं. एल्पिदियोनं घेतलं आणि खाल्लं. मी बघत राहिले.

"काय बघतेस?" तो म्हणाला.

"कारलं बघतेय. ओळखीचं वाटतं."

"मानोंगना कारलं फार आवडतं," फिना म्हणाली. थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला मानोंग म्हणते. "ते यायचे असले की मुद्दाम करते मी."

"हो का. आमच्या घरी तर नुसत्या वासानं चक्कर येते त्यांना."

"घरी दुसरं मागता येतं," एल्पिदियो पुटपुटला. फिना हसून हसून उठली आणि तिनं आणखी एक डाव त्याच्या ताटात घातला. मला बरं वाटलं.

अर्धं ताट झालं असेल नसेल, तो उठला. "पलीकडच्या वाडीत बादल्या घेऊन उभ्या असतील," म्हणाला. घरीही हेच. तीस वर्षांत या माणसाचं पूर्ण रिकामं झालेलं ताट मी सणालाच पाहिलं असेल. मीही हातातला घास तोंडात टाकून त्याच्यामागे निघाले. साइडकारमध्ये बसता बसता उघड्या दारातून आत बघितलं. फिना आणि तिची सासू जेवत होत्या, आणि जेवता जेवता दोघींनी आपापलं ताट गोल फिरवलं. बोलणं न थांबवता, जसा सुटलेला केस कानामागे घ्यावा.

आमच्याकडे जेवणातून उठून कोणी वाटेला लागलं तर मागे राहिलेल्यांनी ताटं फिरवायची असतात, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. फादर म्हणतात, यानं काही होत नाही, प्रार्थना करा. मी दोन्ही करते. तीस वर्षं हा अर्ध्या ताटावरून उठला की मी माझं ताट फिरवते आणि मग त्याची उष्टी ताटली उचलते. पण फिरवणारी मी नेहमी घरात असते. जाणाऱ्याच्या बाजूनं ते मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या घरी पाहिलं, तिथंही तेच. बुधवारी सकाळी एका घरी नाश्त्याला ताडाच्या पानातला चिकट भात आणि गूळ होता. ताटं नव्हतीच, तर त्या बाईनं पान फिरवलं. खोटं कशाला लिहू, जरा झोंबलंच. इतकी वर्षं वाटत होतं की या माणसाला मी एकटी सांभाळते.

बुधवारी तिसऱ्या हापशाशी तो दांड्याला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. उभ्या उभ्या. मी पिशवीत हात घातला.

"तातय, त्या सहीचं काय?"

"फेरी झाल्यावर बघू."

"फेरी झाल्यावर शुक्रवार उजाडेल."

"मग शुक्रवारी बघू." त्यानं डोळे उघडले. "कोठारात बसून मी काय करू? इथला दांडा डावीकडं ओढतो, फिनाच्या हापशाला आधी दोन तांबे पाणी पाजावं लागतं. कुणाला माहितीय हे? नवा माणूस येईल, नुसता हलवून बघेल आणि बिघडला म्हणून लिहून जाईल. मग बायका परत ओढ्यावर."

मी हात पिशवीतून रिकामाच बाहेर काढला. कंबरही ठणकत होती. त्या रात्री वाडीच्या सभाघरात बाकावर आम्ही बूटचपलांसकट झोपलो.

गुरुवारी शेवटचं घर, लोला पेमियाचं, म्हणजे पेमिया आजीचं. लोला पेमिया ऐंशीच्या पुढची, दात तीन, आवाज चर्चच्या घंटेसारखा. डोंगराच्या कुशीत ती आणि तिची मुलगी राहतात. तिच्या हापशाचं वायसर पुन्हा फाटलं होतं. एल्पिदियोनं दोन तास खपून नवं बसवलं, आणि आम्ही जेवायला बसलो. काळी तूर, फणस आणि डुकराचं मांस घालून केलेलं कालवण होतं. मला वाटलं, आता तरी हा निवांत जेवेल. चार घास झाले आणि वरच्या वाडीतून निरोप आला की तिथला हापसा अडकलाय.

एल्पिदियो उठला. मीही उठायला हात टेकला. लोलाच्या मुलीनं सवयीनं ताट धरलं. पण लोलानं आपल्या ताटावर पालथा पंजा ठेवला.

"मी नाही फिरवणार," ती म्हणाली.

"नका फिरवू, लोला. येतो मी."

"ये म्हणून सांगितलंय कुणी? बस खाली."

"वरती लोक थांबलेत."

"थांबू देत. एकवीस वर्षं तुझ्यामागे ताट फिरवतेय, मनगट गेलं माझं. मागल्या महिन्यात इथूनच निघालास ना? आणि पोचलास कुठं?"

एल्पिदियोनं पेटीची कडी धरली.

"सांग की बायकोसमोर. कुठं पोचलास?"

"खाचरात," मीच म्हटलं.

लोलानं माझ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज एकदम बसला. "त्या दिवशी मांजर माशात तोंड घालत होतं, मी त्याच्यामागे धावले. परत येऊन ताट फिरवलं तोवर हा वळणापलीकडे गेलेला. उशीर झाला माझा." ती ताटाकडे बघत बोलत होती. "तेव्हापासून मला झोप नाही, बाई. फादरना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, लोला, हे काही पाप नाही. त्यांना काय जातंय हसायला. पडला तो माझ्या घरून जेवून."

"लोला, मला झोप लागली होती," एल्पिदियो म्हणाला. "तुमच्या ताटाचा काय संबंध?"

"मग झोप. पण अर्ध्यावरून उठून जाऊ नकोस. तू निघालास की मी संध्याकाळपर्यंत दारात बसते, खालून कोणी काही बातमी आणतंय का बघत. या वयात मला हे झेपत नाही."

बाहेर बादलीत थेंब पडत होते. एल्पिदियो पेटीची कडी धरलेला हात तसाच ठेवून उभा होता. मग त्यानं पेटी खाली ठेवली, निरोप घेऊन आलेल्या बाईला सांगितलं, "चार वाजता चालत येतो, तोवर खालून पाणी न्या," आणि बसला.

तो जेवला. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. लोलानं भांड्याच्या बुडाची करपलेली खरवड काढून वाढली, तीही त्यानं दातांनी मोडून खाल्ली. ताट इतकं स्वच्छ की लोलाच्या मांजरानं वास घेऊन तोंड फिरवलं. मग तो तिथंच बाकावर आडवा झाला आणि घोरायला लागला. लोलाची मुलगी भांडी घासत होती. लोला बसल्या बसल्या पेंगत होती. मी माळ काढली, पण पहिल्या मण्यावरच मलाही झापड आली. तिघं जण भर दुपारी झोपलो, आणि बाहेर वरच्या वाडीच्या बायका हापसा मारत होत्या.

चारला तो उठला, वरच्या वाडीत चालत गेला आणि पाचच्या सुमारास ओल्या पायांनी परत आला.

"नानय, तो कागद नोव्हेनाच्या पुस्तकातच आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"तीन दिवस पुस्तक नुसतं पिशवीत. एकदाही उघडलं नाहीस." त्यानं हात पुसले. "पण आधी लिहून घे. तू रोज लिहितेसच काहीतरी."

मी वही काढली. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. कुठला दांडा ओढतो, कुठल्या हापशाला आधी पाणी पाजायचं, कुठं रांगेत आधी कुणाला उभं करायचं. बारा पानं झाली. "आणि लोलाच्या विहिरीत वाळू आहे. खात्याचं रबरी वायसर इथं महिनाभर टिकत नाही. चामड्याचं लागतं, रेड्याच्या कातड्याचं. ते कोठारात मिळत नाही."

"लिहिलं."

"फिनाचं कारलंही लिही. नव्या माणसाला कळू दे."

मग त्यानं सही केली. अर्जाच्या कोपऱ्याला कालवणाचा डाग पडला, तो मी बाहीनं पुसायला गेले तर आणखी पसरला.

निघताना लोला फाटकापर्यंत आली. ताटं केव्हाच घासून पालथी घातलेली, फिरवायला काही नव्हतं. तिला हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी तिनं एल्पिदियोच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या.

आज शुक्रवार. सकाळी अर्ज खात्यात दिला. साहेबांनी डाग बघितला आणि अर्ज फायलीत ठेवला. घरी आले तर दाराकडचं मेण तसंच, वाळून कडक झालेलं आणि त्यात दोन मुंग्या. एल्पिदियो आत झोपलाय. ते घासायला आज पाय उचलत नाहीत.

नवा माणूस सोमवारी डोंगरात जाणार आहे. उद्या बाजारात जाऊन चपला शिवणाऱ्याकडून लोलासाठी चामड्याची दोन वायसरं कापून आणायची आहेत.