जर्मन माणूस एकदाच विचारतो

जर्मनीतल्या आमच्या कॉलेजात मुलं इतकी कमी, की कुणाचं कुणाशी जुळलं आणि कधी फिसकटलं, हे कँटीनमधल्या बाईंनाही ठाऊक असतं. माहितीपत्रकात मात्र अख्खं जग आमच्याकडे शिकतं. मुखपृष्ठावर पाच देशांची पाच मुलं एकाच पुस्तकात बघून हसतात. विद्यार्थी कार्यालयात मी बारा वर्षं काढली, असं हसवणारं पुस्तक काही मला दिसलं नाही.

नोव्हेंबरात पहिल्या वर्षाची एक नाशिकची मुलगी आली आणि कॉलेज सोडायचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "काकू, इथे मी कुणालाच नकोय."

काकू म्हटल्याचं मी सोडून दिलं. "कोणी काही बोललं का?"

"बोलतच नाहीत ना! सुरुवातीला शेजारच्या खोलीतली जर्मन मुलगी जेवायला बोलवायची, तळ्यावर चल म्हणायची. आता विचारतसुद्धा नाही."

"तेव्हा तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले. पहिल्यांदाच हो कसं म्हणायचं? वाटलं, आग्रह करेल."

तिचं एकटं पडणं कानावर गेल्यामुळे आमच्या विविधता समितीने तिच्यासाठी आधीच 'आपलेपणा' या विषयावर कार्यशाळा ठरवली होती. गोल करून बसायचं, मधे मेणबत्ती. मी फोन करून ती रद्द करायला सांगितली आणि मुलीकडे वळले.

"अगं, जर्मन माणूस एकदाच विचारतो. तू नको म्हटलंस की तुझ्या मताचा आदर करतो आणि तुझ्या वाटणीचे बटाटेही खातो. पहिल्या वर्षी मी तीन घरांतून उपाशी परत आलेय. आता आठवडाभर कुणीही काहीही विचारलं तरी लगेच हो म्हणायचं. तोवर अर्ज माझ्या खणात."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"तर तू विचार. पण एकदाच. आपल्यासारखा आग्रह केलास तर पोलीस बोलावतील."

आठवड्याने ती आली ती नाक लाल, आवाज बसलेला.

"हो म्हणाले, काकू! शेजारच्या मुलीने मला तळ्यात उतरवलं. या थंडीत! आणि रविवारी सहा तास डोंगरात चालायचंय म्हणे, त्यालाही हो म्हणून बसलेय."

"अर्जाचं काय करू?"

"फाडा ना तुम्हीच. ती खाली थांबलीये."

जिना उतरताना तिच्या शिंका दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होत्या. मी अर्ज फाडला, रद्दी कागदाच्या डब्यात टाकला आणि समितीला कळवलं की मुलगी राहतेय, मेणबत्ती परत करा.